भोर घाटातील ‘खेकडा’ : जीआयपीच्या विजेच्या मालवाहू इंजिनांची कुळकथा

दौंड तालुक्यातील यवत-कासुर्डीच्या शिवारालगत जाणारा लोहमार्ग ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे जुन्या पिढीच्या तोंडी असलेल्या ‘जीआयपी’ने, पुणे-डिकसळ टप्प्याबरोबर डिसेंबर १८५८ मध्ये खुला केला. लंडनमध्ये भागभांडवल उभारलेली आणि भांडवलावर पाच टक्के परताव्याची सरकारी हमी मिळालेली ही खाजगी कंपनी. देशावरचा माल तिने रुळांवर आणला खरा. पण तो मुंबईच्या बंदरात उतरायचा तर मध्ये भोर घाट होता. तेथील चढ सदतीस फुटांमागे एक फूट इतका तीव्र असून कर्जतकडून लोणावळ्याच्या माथ्यावर येताना गाडीला सुमारे १,८३१ फूट उंची गाठावी लागे. हा घाटमार्ग १४ मे १८६३ रोजी सुरू झाला, तेव्हा खंडाळ्याजवळ एका जागी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला नेऊन, उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. त्या स्थानकाला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. वाफेच्या इंजिनांनी हा घाट सहा दशकांहून अधिक काळ ओढला, परंतु वाढत्या मालवाहतुकीपुढे ती अपुरी पडू लागली.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि त्याच वर्षी १ जुलैला जीआयपीचा कारभार कंपनीकडून सरकारच्या हाती गेला. १९२९ मध्ये विजेच्या तारा कल्याणहून पुण्यापर्यंत पोहोचल्या. घाटात नवी आखणी होऊन गाडी उलटी फिरवण्याचे कामही संपले. वीज १,५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची होती आणि तिच्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे वीजकेंद्र उभारले गेले. कोळसा इंजिनाच्या पोटातून निघून एका जागी स्थिरावला, एवढा हा बदल मूलगामी होता.

या मार्गावरील मालगाड्यांसाठी जीआयपीने ‘ईएफ-१’ वर्गाची ४१ इंजिने घेतली. पहिली दहा स्वित्झर्लंडमधील विंटरथूरच्या कारखान्यात आणि उरलेली ३१ इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीत १९२८-२९ च्या सुमारास तयार झाली. विजेची यंत्रसामग्री मेट्रोपॉलिटन-विकर्सची होती. पुढे भारतीय रेल्वेच्या नामकरणात हा वर्ग ‘डब्ल्यूसीजी-१’ झाला, ज्यातील पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डीसी विजेचे आणि तिसरे मालगाडीचे. कर्मचाऱ्यांनी मात्र त्याला ‘खेकडा’ म्हटले आणि तेच नाव टिकले.

या इंजिनाचा आकार घाटानेच ठरवला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. त्याचे अंग तीन भागांचे होते : दोन्ही टोकांना लांब, बसकी नाके आणि मध्ये चालकाच्या खोल्यांसह उंच पेटी. प्रत्येक नाक आपापल्या सहाचाकी गाड्यावर घट्ट बसवलेले असल्याने वळणावर ते गाड्याबरोबर वळे आणि मधली पेटी दोन्ही गाड्यांवर टेकून राही. त्यामुळे सुमारे सव्वाशे टनांचे यंत्र घाटातील वळणे सहज घेई. त्या काळच्या मोटारी इतक्या थोराड होत्या की त्या चाकांच्या मधल्या जागेत मावत नसत. म्हणून प्रत्येकी ६५० अश्वशक्तीच्या चार मोटारी, दोन-दोनच्या जोडीने, गाड्याच्या सांगाड्यावर वर बसवल्या. त्यांची गती दातेरी चाकांनी एका आडव्या दांड्याला, म्हणजे जॅकशाफ्टला, दिली जाई आणि तेथून बाहेरच्या पोलादी जोडदांड्या ती चाकांना पोहोचवत. या रचनेचा चढावर मोठा फायदा होता. एका गाड्याची सर्व चाके दांड्यांनी जखडलेली असल्यामुळे एखादे चाक पावसाने ओल्या झालेल्या रुळावर एकटे घसरू शकत नसे. धावताना या दांड्यांचा सपसप असा आवाज येई आणि उभे असताना इंजिन कण्हल्यासारखा चमत्कारिक सूर काढी.

तरीही या वर्गाचे खरे मोल चढावापेक्षा उतारावर अधिक होते. घाट उतरणारी मालगाडी केवळ ब्रेकच्या ठोकळ्यांनी आवरली, तर ते घर्षणाने तापतात आणि त्यांची पकड कमी होते. सुटलेली गाडी वळवण्यासाठी घाटात चढत्या कॅच सायडिंग ठेवाव्या लागल्या, त्या याच भीतीपोटी. खेकडा उतारावर आपल्या मोटारींचाच जनित्र म्हणून उपयोग करून घेई : गाडीच्या वजनाने फिरणाऱ्या मोटारी वीज निर्माण करीत, त्या कामात गाडीचा वेग आवरला जाई आणि ती वीज वरच्या तारेत परत जाऊन त्याच वेळी घाट चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. देशावरून उतरणाऱ्या मालाच्या वजनाने कोकणातून चढणाऱ्या मालाला हात द्यावा, ही योजना अभियांत्रिकीच्या दृष्टीने अतिशय देखणी आहे. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला या विद्युतीकरणाचे सारे कौतुक मिळाले. त्यातील मोठा वाटा या मालवाहू इंजिनांच्या पदरात पडायला हवा होता.

चित्तरंजनला बनलेली ‘डब्ल्यूसीजी-२’ इंजिने १९७० पासून येऊ लागल्यावर खेकड्यांकडे हळूहळू शंटिंगची, म्हणजे डबे हलवण्या-जोडण्याची कामे आली आणि तीही त्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत केली.

कासुर्डीच्या बाजूला मात्र हे इंजिन आलेच नाही, कारण तार पुण्यातच संपत होती. सोलापूरकडून येणारी मालगाडी दौंड, यवत, उरुळी असा सपाट प्रवास वाफेवर आणि पुढे डिझेलवर करी आणि पुण्यानंतर विजेच्या स्वाधीन होई. पुणे-दौंड टप्प्यावर तारा आल्या त्या थेट २०१७ च्या सुमारास, आणि त्याही २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहाच्या. तोपर्यंत मुंबईच्या हार्बर मार्गावरील शेवटची डीसी वीजही एप्रिल २०१६ मध्ये बंद झाली होती. महाराष्ट्रात १,५०० व्होल्ट डीसीचा दाब आता इतिहासजमा झाला आहे. ईएफ-१ वर्गातील ‘सर लेस्ली विल्सन’ हे तत्कालीन मुंबई गव्हर्नरचे नाव दिलेले ४५०२ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले असून, जॅकशाफ्टपासून चाकापर्यंतची जोडदांड्यांची साखळी त्यावर बाहेरूनच पाहून समजून घेता येते.