जुनी मर्सिडीज : घ्यायला स्वस्त, सांभाळायला महाग

साहेब लोकांची गाडी म्हणून जिच्याकडे आपण लांबूनच पाहिले, ती मर्सिडीज आता आपल्या वस्तीजवळच्या गॅरेजातही बॉनेट उघडून उभी असलेली दिसते. कोणी ती हौसेने घेतलेली असते, कोणी लग्नात नवरदेवाला मिरवायला भाड्याने द्यावी म्हणून. बॉनेटवरचा चांदणीचा शिक्का पाहून पोरे गोळा होतात आणि एखादा होतकरू तरुण घरी येऊन म्हणतो, “साध्या जुन्या गाडीच्या पैशात मर्सिडीज मिळतेय, घेऊ का?” हा प्रश्न घरातल्या सगळ्यांचा आहे, कारण पैसा सगळ्यांच्या घामाचा असतो. म्हणून या गाडीची देखभाल आणि दुरुस्ती म्हणजे नेमके काय, हे आपण समजून घेऊ.

आपल्याकडे जुनी मर्सिडीज म्हणून जी चौकोनी, भक्कम गाडी दिसते, ती बहुधा ‘डब्ल्यू १२४’ या मॉडेलची असते. जर्मनीत हे मॉडेल १९८४ साली निघाले आणि सर्व प्रकार मिळून पंचवीस लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे आपल्या महाराष्ट्राशी नाते आहे. १९९४ साली मर्सिडीज कंपनीने टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या आवारात या गाडीची जोडणी सुरू झाली. ई २२० हे पेट्रोलचे आणि ई २५० हे डिझेलचे मॉडेल. भारतात राजरोस बनलेली ही पहिली मर्सिडीज. पुढे २००९ साली कारखाना चाकणला गेला. म्हणजे त्या पहिल्या गाड्यांना आता सुमारे तीस वर्षे झाली.

घसारा कशाला लागतो?

वाणिज्य शाखेत शिकताना ‘घसारा’ हा शब्द पहिल्याच वर्षी भेटतो. वस्तू वापरली की दरवर्षी तिची किंमत कमी होत जाते, तो घसारा. वीस लाखांच्या पुढची गाडी तीस वर्षांनी दोन-चार लाखांवर येते, ती अशी. पण एक गोष्ट विसरू नका. घसारा गाडीच्या किमतीला लागतो, तिच्या सुट्या भागांना लागत नाही. गाडी दोन लाखांची झाली म्हणून तिचा रेडिएटर दोन लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही. तो मर्सिडीजचाच रेडिएटर राहतो. विकणारा पहिली किंमत सांगतो, दुसरी सांगत नाही. घेणाऱ्याचे घर दुसरीत बुडते.

म्हणून गाडीच्या किमतीइतके सगळे पैसे घालून ही गाडी घेऊ नये. समजा घरात तीन लाख आहेत, तर दोनाची गाडी घ्यावी आणि एक लाख पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवावे. तेवढे ठेवता येत नसतील, तर ही गाडी आपली नाही असे समजावे. त्यात कमीपणा काही नाही.

आधी तेल-पाणी

जुनी गाडी हाती आली की पहिले काम तेल-पाण्याचे. आधीच्या मालकाने काय घातले आणि कधी घातले, याचा भरवसा धरू नये.

इंजिन ऑईल आणि फिल्टर लगेच बदलावे. या पेट्रोल इंजिनाला साडेपाच लिटरच्या आसपास ऑईल लागते, छोट्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. ओलावा धरलेले ऑईल घाटात ब्रेक तापले की उकळते आणि पाय खाली जाऊनही गाडी थांबत नाही. ते दोन वर्षांतून एकदा तरी बदललेच पाहिजे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल, तर त्याचे ऑईल आणि फिल्टर साठ हजार किलोमीटरला बदलायचे असते.

सगळ्यात जास्त हेळसांड होते ती कूलंटची. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते. त्यात नळाचे पाणी भरले की आतून क्षार धरतात, धातू खाल्ला जातो, रेडिएटर तुंबतो. मग इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते आणि ऑईलमध्ये पाणी मिसळते. योग्य कूलंट ठरल्या प्रमाणात भरले आणि तीन वर्षांनी बदलले, तर यातले बहुतेक टळते. काही शे रुपयांची बचत पुढे हजारोंच्या खर्चाला कशी निमंत्रण देते, त्याचे हे ठळक उदाहरण.

रबर आणि वायर

या गाडीचे लोखंड सहसा मालकाला दगा देत नाही. दगा देतात ते रबर आणि वायर. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून दहा, आणि त्यांच्या टोकांना रबरी बूश. इंजिन ज्यावर बसते ते माउंट रबराचे. प्रोपेलर शाफ्टच्या जोडावरची चकतीही रबराचीच. तीस वर्षांत रबर कडक होऊन चिरते. गाडी खडखडते, थरथरते, टायर एका बाजूने झिजतात. मालकाला वाटते इंजिन गेले. खरा दोष खालच्या बूशात असतो.

वायरचा दोष आणखी फसवा. साधारण १९९२ ते १९९५ या काळातल्या पेट्रोल गाड्यांच्या इंजिनाच्या वायरिंगवरचे आवरण उष्णतेने वाळते, कुरकुरीत होते आणि त्याचे तुकडे पडतात. आतली तार उघडी पडली की शॉर्ट होते. इंजिन झटके देते, मधेच बंद पडते. अननुभवी मिस्त्री आधी प्लग बदलतो, मग कॉइल, मग सेन्सर. मालकाचे पैसे जातात, दोष जागच्या जागी राहतो. जाणकार मिस्त्री आधी वायरींवरची नळी थोडी मागे सारून आवरण तपासतो. तपासायला पाच मिनिटे लागतात, पैसा लागत नाही.

दरवाजांचे सेंट्रल लॉक या गाडीत हवेच्या दाबावर, बारीक नळ्यांमधून चालते. एका नळीला चीर गेली तरी लॉक बिघडते. समोरच्या काचेला एकच वायपर आहे. तो सरळ गोल न फिरता कोपऱ्यांकडे पुढे सरकतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. त्याच्या यंत्रणेला ग्रीस मिळाले नाही, तर ऐन पावसात तो अडकतो. मे महिन्यातच ग्रीस करून घ्यावे.

गॅरेजात काम करणाऱ्या मुलांसाठी

आपली बरीच मुले गॅरेजात हाताखाली काम करतात. त्यांच्या आईवडिलांनी हा भाग त्यांना वाचून दाखवावा. या गाडीची पुढची स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरवर नसते. ती खालचा आर्म आणि बॉडी यांच्यामध्ये प्रचंड दाबाखाली बसवलेली असते. योग्य कंप्रेसर न लावता बोल्ट सोडले, तर स्प्रिंग उसळून जीव घेऊ शकते. ते हत्यार गॅरेजात नसेल, तर उस्ताद कितीही म्हणाला तरी त्या कामाला हात लावू नका.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, घोडी लावाच. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. एअरबॅग असलेल्या स्टिअरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाते आणि त्याची किंमत वीस वर्षांनी मोजावी लागते.

घेण्यापूर्वी

इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाहा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी या. ऑईलचे झाकण उघडून पाहा, आत दुधाळ साय दिसली तर ऑईलमध्ये पाणी गेल्याची शंका घ्या. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर भरवशाचा नाही.

कागद नीट पाहा. चासीस नंबर आरसी बुकाशी जुळतो का, बँकेचा बोजा आहे का, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत का, हे तपासा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीसाठी १०,००० करण्यात आली. पर्यावरण कर त्याहून वेगळा.

लग्नाच्या भाड्यासाठी घेणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी परवान्याशिवाय भाड्याने चालवणे कायद्याने चालत नाही. अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. एवढ्या जुन्या गाडीला परवाना मिळेल असे गृहीत धरू नका. आधी आरटीओत चौकशी करा, मग बयाणा द्या.

मिस्त्रीची मजुरी

गाडी घेतल्यावर एक वही घालावी. तारीख, किलोमीटर, कोणते काम झाले, कोणता पार्ट पडला, किती पैसे गेले, हे लिहून ठेवावे. ही वही मिस्त्रीला दोष शोधायला उपयोगी पडते आणि गाडी विकताना चार पैसे जास्त मिळवून देते. सहा महिन्यांनी घरात बसून बेरीज केली, की गाडी ठेवायची की विकायची, हे वहीच सांगते.

त्या वहीत एक रकाना मजुरीचा असतो. पार्टवाल्याकडे घासाघीस चालत नाही, म्हणून पुष्कळ मालक ती मिस्त्रीकडे करतात. “एक वायर तर जोडली, त्याचे एवढे?” असे म्हणतात. पण ती एक वायर शोधायला त्याने दुपारभर पाठीवर पडून काम केलेले असते आणि ती ओळखायला वीस वर्षे घालवलेली असतात. या गाड्या आज रस्त्यावर आहेत त्या चांदणीच्या शिक्क्यामुळे नव्हे, काळ्या हातांच्या या माणसांमुळे. ज्याला त्यांची मजुरी हसतमुखाने देणे परवडते, त्यालाच ही गाडी परवडते.