रुमाल वाचले, माळे गेले

मोडी शिकताना जुनं खरेदीखत हाती आलं की ‘चतुःसीमा’ हा शब्द लवकरच भेटतो. पूर्वेस कोणाचं घर, पश्चिमेस कोणाचा वाडा, दक्षिणेस बोळ, उत्तरेस रस्ता, एवढं लिहिल्याशिवाय घराचा व्यवहार पुरा होत नसे. पुण्याच्या पेठा अशा चार-चार ओळींत कागदावर नांदतात.

ते कागद आपल्यापर्यंत पोचले, यात मोठा वाटा भारत इतिहास संशोधक मंडळाचा. वि. का. राजवाड्यांनी वाईत मिळालेल्या पत्रांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898मध्ये काढला आणि पुढे गावोगाव पायपीट करत दप्तरं धुंडाळली. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी खंडो चिंतामण मेहेंदळे यांच्यासह मंडळ स्थापन केलं. अप्पा बळवंत चौकाला ज्यांचं नाव आहे, त्यांच्याच घराण्यातले हे मेहेंदळे. वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी लागलेले कागदांचे रुमाल खाली उतरले, झटकले गेले, मंडळाच्या त्रैमासिकात छापले गेले.

माळा मात्र तिथंच राहिला. त्या पिढीला दोष देण्यात अर्थ नाही. कागद रद्दीत जात होते, वाडे भक्कम उभे होते. दगडी जोतं, सागवानी खांब, वर कडीपाट. हे पडेल असं कोणाच्या मनात यावं?

पडलं ते तीन तऱ्हांनी. 12 जुलै 1961ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. दुसरी तऱ्हा सावकाशीची. 1947च्या भाडे कायद्यानं भाडी 1940च्या पातळीला बांधली; कौलं चाळायलाही पुरेना एवढ्या भाड्यात मालक वाडा राखणार कसा? आणि भाडेकरूनं तरी परक्याच्या भिंतीला हात का लावावा? जिथं लावला तिथं बहुधा सिमेंटचा. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा बसला की आतली ओल आतच कोंडते. 1999च्या कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण मुळातली रक्कमच इतकी किरकोळ की तिच्यावरचे 4 टक्के म्हणजे चहापाणी. तिसरी तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे: जागेचा भाव.

विश्रामबागवाडा टिकला, सुरूदार खांबांच्या देखण्या दर्शनी भागासकट. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा तो, शिवाय नंतर तिथं संस्कृत पाठशाळा आली, कचेऱ्या आल्या. वापर सुटला नाही. पण पेठ पेशव्यांच्या वाड्यांनी बनत नाही. ती बनते कारकून, भिक्षुक, कासार यांच्या घरांनी, आणि त्यांच्याकडे पाहायला वारसायादीला (माझ्या मते) फार उशिरा सवड झाली.

मागे एका पेठेत वाडा उतरवताना पाहत उभा होतो. ‘उतरवणं’ हाच शब्द. तोडला तर लाकूड फुकट जातं. खांब तळखड्यावरून अलगद सुटला, केळफुलाचं कोरीव काम गोणपाटात गुंडाळलं गेलं आणि टेम्पोत चढलं. हॉटेलात लागणार होतं म्हणे. शेजारच्या इमारतीला चिकटलेली एकच भिंत उरली होती. तिच्यावर दुमजली उंचीवर एक कोनाडा, त्यात दिव्याची काजळी, बाजूला रिकामी खुंटी.

आता त्या जागेची चतुःसीमा लिहायची तर पूर्वेस पार्किंग, पश्चिमेस पार्किंग, दक्षिणेस पत्रे. उत्तरेचा बोळ अजून आहे.