बेकारी आणि श्रमबलाचा उंबरठा

ज्याच्या हाताला काम नाही तो बेकार, असा आपला रूढ समज आहे. अर्थशास्त्राची व्याख्या याहून अरुंद आहे. जो काम करतो किंवा कामासाठी खटपट करतो, तोच श्रमबलात गणला जातो. खटपट करूनही ज्याला काम मिळत नाही, तो बेकार. ज्याने शोधच सोडला, तो या दोन्ही गणतींतून वगळला जातो.

बेकारी वाढली की श्रमबलाच्या उंबरठ्यावर दुहेरी ये-जा सुरू होते. मिळवत्या माणसाचे काम सुटले म्हणजे आजवर घर सांभाळणारी स्त्री किंवा शिकणारा मुलगा कामासाठी बाहेर पडतो. उलट, वारंवार नकार पदरी आलेला माणूस हताश होऊन घरी बसतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांची मिळकत थांबली. गिरणगावातील कित्येक स्त्रियांनी तेव्हा खानावळी चालविल्या, धुणीभांडी केली, शिवणकाम घरी आणले. अनेक पुरुष गावी परतले. पुष्कळांना गिरणीची नोकरी पुन्हा मिळालीच नाही.

येथे आकडे फसवतात. श्रमबलात १०० माणसे असून १० बेकार असतील, तर बेकारी १० टक्के. त्यांतील पाचांनी शोध सोडला, तर ९५ पैकी ५, म्हणजे सुमारे सव्वापाच टक्के. काम एकालाही मिळाले नाही, तरी बेकारी निम्म्यावर आली!

आपल्या कोरडवाहू भागाला हे अपरिचित नाही. २ फेब्रुवारी २००६ रोजी ग्रामीण रोजगार हमी कायदा प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला. त्यांत बीदर आणि तेव्हाचा गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे होते. त्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम मागण्याचा हक्क दिला. जी स्त्री कामासाठी हैदराबाद वा पुणे गाठू शकत नव्हती, तिलाही गावाजवळ काम मागता येऊ लागले. तिची इच्छा नवी नव्हती. मागण्याजोगे काम नवे होते.

म्हणून काम न शोधणे म्हणजे कामाची इच्छा नसणे नव्हे. आपल्या वर्गातील एखादा सोबती हल्ली 'घरीच असतो' असे कानी आले, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याने किती दारे ठोठावली होती, हे माजी विद्यार्थ्यांनी अवश्य विचारावे. सरकारी गणतीत तो नसेल. आपल्या गणतीत तो असलाच पाहिजे.