तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि नोंदींची घडण

मणिकर्णिकेवर स्नान-श्राद्धासाठी येणाऱ्या यात्रेकरूची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वहीत परंपरेने गाव, कुळ, व्यक्ती अशी उतरत जाते. आयकॅलेंडर या दिनदर्शिका-धारिकेच्या २००९ च्या प्रमाणकातही दिनदर्शिकेच्या पोटी प्रसंग आणि प्रसंगाच्या पोटी स्मरणसूचना असते. ७५ बाइटांहून लांब ओळ मोडावी व पुढील ओळ रिकाम्या जागेने सुरू करावी, असा त्यातील संकेत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असल्याने निष्काळजी मोड चिन्हाच्या मधोमध पडतो. म्हणून प्रथम ओळी सांधाव्यात, मग लिपी उलगडावी, शेवटी पोटनोंदी लावाव्यात. हा क्रम चुकल्यास नाव भंगते. पोटरचना सपाट केल्यास नावे उरतात, परंतु कोण कोणाचा पुत्र, हे हरपते.