दर दहा मिनिटांनी एक नोंद

वानर पाला खातात, असं आपण सहज म्हणून जातो. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात काळ्या तोंडाच्या वानरांच्या एका टोळीमागे नोंदवही घेऊन फिरण्याचं काम मी काही काळ केलं. त्या वहीत ‘पाला’ असा रकानाच नव्हता. होते ते रकाने असे : पानाचा कोंब, कोवळं पान, जून पान, देठ, फुलाची कळी, फूल, कच्चं फळ, पिकलं फळ, बी, साल, डिंक, कीटक, माती. प्रत्येकापुढे झाडाचं नाव लिहायचं. झाड ओळखू आलं नाही तर वरून डहाळी पडायची वाट बघायची. वानर खाताना इतकं सांडतात की फार वाट बघावी लागत नाही.

दर दहा मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ वाजायचं. त्या क्षणी टोळीतली जेवढी वानरं दिसतील तेवढ्यांवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि प्रत्येक जण काय करतोय ते टिपायचं. खातोय, चालतोय, नुसता बसलाय, दुसऱ्याच्या केसांतून बोटं फिरवतोय. खात असेल तर काय आणि कशाचं. मग पुन्हा दहा मिनिटं थांबायचं. मधल्या वेळात हुप्प्याने कितीही मोठी झेप घेतली, दोन माद्यांचं कितीही कडाक्याचं वाजलं, तरी ते या तक्त्यात जायचं नाही.

ही शिस्त अभ्यासकांना लागली ती मुख्यतः १९७४ साली. केनियातल्या अंबोसेलीत बबून माकडांचा अभ्यास करणाऱ्या जीन ऑल्टमन यांचा निरीक्षणाच्या पद्धतींवरचा लेख त्या वर्षी आला. डोळ्यांत भरेल ते टिपत गेलं की वहीत भांडणं आणि उड्या भरतात, आणि फांदीवर निमूट चावत बसलेलं जनावर वहीबाहेर राहतं, हा त्यातला मुद्दा. वानराचं आयुष्य बरंचसं त्या निमूट चावण्यात जातं. म्हणून मला ही कंटाळवाणी वाटणारी पद्धत अतिशय न्यायाची वाटते.

फेब्रुवारीच्या अखेरीस जंगल उघडं पडायला लागतं. ऐन, धावडा, साग यांची पानं झडतात, पळस फुलतो, आणि वानरं दुर्बिणीत नीट दिसतात. रात्री ती उंच झाडांवर झोपतात. सकाळी थंडी असली तर उन्हाकडे छाती करून बसतात आणि मग सावकाश खायला निघतात. पळसावर बसलेली मादी एक फांदी हाताने जवळ ओढते, फूल तोडते, तोंडात घालते, दुसरं तोडते, हुंगते आणि टाकून देते. टाकलेलं फूल आणि खाल्लेलं फूल यांत मला खालून काहीच फरक दिसायचा नाही. तिला दिसायचा. भाजीबाजारात मेथीची जुडी उलटसुलट करून बघणाऱ्या बायकांची निवड जशी हातातच असते, तशी ती.

सोबतच्या वनमजूर काकांचे डोळे माझ्या दुर्बिणीपेक्षा तेज. एका दुपारी मी एका नरापुढे ‘जून पान’ लिहीत होते, तर ते हळूच म्हणाले, “ताई, पान नाई खाऊन रायला तो. देठ खाऊन रायला. खाली पाहा ना.” झाडाखाली पात्यांचा सडा पडला होता, एकाही पात्याला देठ नव्हतं. जून पानाच्या पात्यात चोथा जास्त आणि तुरट टॅनिनही जास्त. तेव्हा त्याच पानातला परवडणारा तुकडा तेवढा घ्यायचा आणि बाकीचं सोडायचं. अशी नोंद दुरून होत नाही. झाडाखाली जाऊन, वाकून, पडलेलं उचलून बघावं लागतं.

पान हे अन्न म्हणून अवघडच. त्यातली पेशीभित्तिका कोणत्याही माकडाला स्वतःच्या पाचकरसांनी फोडता येत नाही. वानराचं जठर म्हणूनच साधं नाही. ते कप्प्याकप्प्यांचं आहे, आणि वरच्या कप्प्यांत जिवाणूंची वस्ती असते. चावलेलं पान आधी तिथे आंबतं, जिवाणू चोथा फोडतात, काही विषारी द्रव्यंही रक्तात जाण्याआधी तिथेच निकामी होतात, आणि आंबण्यातून तयार झालेली आम्लं वानराला ऊर्जा देतात. पुढे ते जिवाणूही पचवले जातात. डोळ्यांतल्या पाण्यात जंतू मारणारं लायसोझाइम नावाचं विकर असतं. वानराच्या जठरात ते या जिवाणूंना फोडण्याच्या कामाला लागलेलं आहे. १९८७ साली कॅरो-बेथ स्ट्युअर्ट, जेम्स शिलिंग आणि ॲलन विल्सन यांनी दाखवून दिलं की वानराच्या या विकरात झालेले काही बदल गाईच्या विकरात झालेल्या बदलांसारखेच आहेत. दोघांचं नातं फार दूरचं, पण पाला पचवण्याचं काम सारखं, म्हणून दोन वेगळ्या वाटांनी उत्तर तेच निघालं. वानराकडे बघताना मला दरवेळी हे आठवतं आणि दरवेळी नवल वाटतं.

दुपारी टोळी तासन्‌तास नुसती बसून असते. पोट फुगलेलं, डोळे अर्धे मिटलेले. वहीत ‘विश्रांती’ अशी खूण पडत जाते, पण आत जिवाणूंचं काम जोरात चालू असतं. पेंचमध्येच लाल तोंडाची माकडंही आहेत. त्यांना गालात पिशव्या असतात. मिळेल ते भराभर गालात कोंबायचं, बाजूला जाऊन चावायचं, ही त्यांची रीत. काळ्या तोंडाच्या वानराला गालपिशवी नाही. त्याची साठवण पोटात, आणि ती पचायला वेळ लागतो. एकाच जंगलात, कधी एकाच उंबरावर ही दोन जनावरं दिसतात, पण दोघांची गणितं निराळी.

नोंदींतून वेळ कळतो, वजन कळत नाही. बेहड्याचं फळ फोडायला वानर बराच वेळ घेतो आणि पोटात जातं थोडं. कोवळी पालवी मूठमूठ जाते. म्हणून दिवसातून काही वेळा एकच वानर धरायचं आणि ते दिसेनासं होईपर्यंत त्याचे घास मोजायचे. त्याखेरीज दर पंधरवड्याला ठरलेल्या वाटेवरच्या, बिल्ले ठोकलेल्या झाडांची हजेरी घ्यायची : पालवी किती, फूल किती, फळ किती, शून्यापासून चारपर्यंत गुण. झाडावर काय होतं आणि वानरांनी त्यातलं काय घेतलं, हे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय निवड कळत नाही. पानांचे नमुने वाळवून प्रयोगशाळेत जातात, तिथे प्रथिनं आणि चोथा मोजतात. पानं खाणाऱ्या माकडांबद्दल जगभरच्या अभ्यासांतून एक गोष्ट वारंवार पुढे आली आहे : चोथ्याच्या मानाने प्रथिनं जास्त असलेलं पान त्यांना हवं असतं. आमच्या वहीत कुसुमाच्या तांबड्या पालवीपुढे मार्चमध्ये खुणांची रांग लागायची, ती याचमुळे असावी.

पेंचच्या ईशान्येला, मध्य प्रदेशातल्या कान्हात, पॉल न्यूटन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या खाण्याचा बारकाईने अभ्यास केला. तिथे जून पानांचा वाटा साधारण एक तृतीयांश भरला, फळांचा सुमारे पाव, आणि उरलेल्यात कोंब, फुलं, कोवळी पानं आणि थोडे कीटक. म्हणजे ‘पाला खाणारा’ हा प्राणी वर्षभरात निम्म्याच्या आसपास खातो ते पालाच नव्हे. पावसाळ्यात अळ्या आणि कोशही खातो. मारुतीच्या या वंशजाला आपण शाकाहारी समजतो. त्याची नोंदवही तेवढी सोवळी नाही.

कान्हातच न्यूटन यांनी वानर आणि चितळ यांची सोबत अभ्यासली. पेंचमध्ये ती रोज दिसते. वरून देठ तोडून टाकलेली पाती, अर्धी खाल्लेली फळं, फुलांचे झुबके पडत असतात. गवत वाळून कोळ झालेल्या दिवसांत चितळांना तो ओला चारा मिळतो. वानरांना वरून लांबवर दिसतं, चितळांना खालचा वास येतो. वाघ आला की एकाच्या ओरडण्याचा दुसऱ्याला उपयोग होतो. पर्यटक ती हाक ऐकून जिप्सी वळवतात. मला मात्र हाकेआधीचा शांत तास जास्त मोलाचा वाटतो, ज्यात एक जनावर दुसऱ्याला न देता देत असतं.

टोळीच्या आत मात्र वाटणी सारखी नसते. पानं सगळीकडे असतात, त्यांवरून कशाला कोण भांडेल, असं पूर्वी मानलं जाई. नेपाळच्या दक्षिण भागात रामनगरजवळ आंद्रेआस कोएनिग आणि कॅरोला बोरीस यांनी वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासातून वेगळं दिसलं : वानरांच्या माद्यांत मानाची उतरंड असते आणि वरच्या मादीचं अंग जास्त भरलेलं असतं. या उतरंडीत वर असतात त्या बहुधा तरुण माद्या. वय वाढलं की मादी खाली सरकते. फळांनी लगडलेल्या उंबरावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. म्हातारी मादी चांगल्या फांदीवर नुकतीच बसलेली असते, एक तरुण मादी नुसती तिच्या दिशेने चालायला लागते, आणि म्हातारी उठून कडेच्या फांदीवर जाते. ओरडणं नाही, चावणं नाही. वहीत फक्त ‘हटवली’ एवढा एक शब्द.

पेंचपासून रामटेक फार लांब नाही. गडमंदिराच्या पायऱ्यांवर हीच वानरं आहेत, हेच काळं तोंड, हीच लांब शेपटी, पण दिवस पार वेगळा. तिथे फुटाणे, केळी, बिस्किटं, नारळाचे तुकडे, प्रसादाच्या पिशव्या. लोक देतात ते श्रद्धेने, मारुतीचं रूप मानून, आणि त्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण पेंचमधली वही हातात असलेल्या माणसाला तिथे उभं राहवत नाही. जिवाणूंच्या ज्या कप्प्यांत पान सावकाश आंबायचं, तिथे साखर आणि पीठ पडलं की ते झपाट्याने आंबतं आणि आम्ल वाढतं. गोड, पिकलेली फळं भरपूर खाऊ घातल्याने प्राणिसंग्रहालयांतली पानं खाणारी माकडं आजारी पडल्याचा अनुभव जुना आहे. दिवसभराची निवड, चालणं, दुपारचं बसणं, सगळं आखडतं आणि त्या जागी एक वाट बघणं येतं : पुढची पिशवी कधी येते त्याची. पिशवी हिसकावली जाते, कुणाला ओरखडा उठतो, आणि मग वानरं माजली म्हणून तक्रार होते.

जोधपूरच्या वानरांना माणसं पिढ्यान्‌पिढ्या खायला घालत आली आहेत, आणि तिथे पिल्लं वर्षभर जन्मतात. कान्हा आणि रामनगरच्या जंगलांत जन्मांचा ठरावीक हंगाम असतो. खाऊचा परिणाम एका जनावराच्या पोटापुरता राहत नाही, टोळीचं वेळापत्रक आणि संख्या दोन्ही हलतात. गावकुसापासच्या शेतकऱ्याला पुढे त्याच संख्येशी झगडावं लागतं. त्याची तूर आणि हरभरा वाचवायला कुणी भाविक येत नाही.

रामटेकला जरूर जा. प्रसाद झाकलेल्या पिशवीत ठेवा, आणि वानरांपुढे काहीही टाकू नका, केळंसुद्धा नको. मारुतीला काही द्यायचंच असेल तर आपल्या गावाच्या वेशीवर उंबराचं एक रोप लावा आणि त्याला पहिले दोन उन्हाळे पाणी घाला.