फटफटीला जुंपलं औत

गावात कुणाच्याही पडवीत डोकावून बघा. कडब्याच्या पेंढ्यांआड, पोत्याखाली झाकलेली एक जुनी फटफटी हमखास दिसेल. कुठं राजदूत, कुठं येझदी, कुठं बुलेट. एके काळी हौसेनं घेतलेली, लग्नकार्याला मिरवलेली, आणि पोरानं नवी गाडी आणल्यावर कोपऱ्यात गेलेली. भंगारवाला किलोच्या भावानं मागतो आणि मालकाचं मन होत नाही.

त्याच घरचा गोठा रिकामा असतो. दोन-तीन एकरांसाठी वर्षभर वैरण घालणं परवडत नाही, म्हणून बैलजोडी विकलेली. मग कोळपणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या औताची वाट बघायची. पावसानं उघडीप दिली की साऱ्या शिवाराला एकाच दिवशी औत लागतं. आपली पाळी येईपर्यंत तण पिकाच्या वर जातं.

ही पडवीतली गाडी आणि तो रिकामा गोठा यांची गाठ घालता येईल का? सौराष्ट्रातल्या एका कारागिरानं ती १९९४ साली घालून दाखवली. त्यातून आपल्याकडच्या शेतकऱ्यानं आणि वेल्डिंगवाल्यानं काय घ्यावं आणि कुठं सावध राहावं, ते सांगण्यासाठी हा लेख.

हौसेची कापाकापी

मोटारसायकल कापून तिचं रूप बदलायचा नाद मूळचा अमेरिकेतला. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. सैन्यातून परतलेल्या तरुणांनी आपल्या जड मोटारसायकलींचे मडगार्ड आणि जास्तीचे पत्रे काढून टाकले, गाडी हलकी केली. पुढं घरच्या शेडमध्ये चासीच कापून पुढचा चिमटा लांबलचक करायची पद्धत पडली. कापणे या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून अशा गाडीला ‘चॉपर’ म्हणू लागले. १९६९ च्या ‘इझी रायडर’ या सिनेमानं ती जगभर पोहोचवली.

त्या सिनेमातल्या गाड्या पोलीस खात्यानं मोडीत काढलेल्या हार्ले-डेव्हिडसनपासून केल्या होत्या. क्लिफर्ड वॉझ आणि बेन हार्डी या लॉस एंजेलिसच्या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचं ते काम. सिनेमाच्या श्रेयनामावलीत मात्र त्यांची नावं आली नाहीत. कितीतरी वर्षांनी लोकांना ती कळली. काम ज्याच्या हातचं त्याचंच नाव मागं राहतं, हे आपल्या सुतार-लोहारांना काही नवीन नाही.

आपल्या देशातही गाडी कापली गेली, पण ती पोटासाठी. सौराष्ट्रात ‘छकडो’ रिक्षा गावोगाव धावली, ती पुढं बुलेटचं धड आणि मागं दोन चाकांचा गाडा असं रूप घेऊन. माणसं, भाजीपाला, कापसाची गाठोडी, सगळं तिच्यावर लादलं जायचं. त्याच मुलखात मोटारसायकलीला औत जुंपायची कल्पना निघाली.

दुष्काळात सुचलेलं औत

अमरेली जिल्ह्यातलं मोटा देवळिया हे गाव. कापूस-भुईमुगाचा मुलूख, पाऊस बेभरवशाचा. वैरण नाही म्हणून शेतकऱ्यांनी बैल विकलेले. ट्रॅक्टर घ्यायची लहान शेतकऱ्याची ऐपत नाही, आणि उभ्या पिकाच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर शिरतही नाही. गावातले कारागीर मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकल घेतली, तिचं मागचं चाक काढलं, त्या जागी दोन चाकांचा जोड बसवला आणि त्याच्या मागं औजार अडकवायची आडवी दांडी लावली. त्या दांडीला कोळप्याची पास लावा, पेरणीचे फण लावा, नाहीतर वखर लावा. चालवणारा नेहमीसारखा सीटवर बसतो आणि हँडलनं ओळ धरतो.

गुजरातीत ‘सांती’ म्हणजे औत. म्हणून हिचं नाव पडलं ‘बुलेट सांती’. साधारण साडेपाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, आणि एकरभर रान अर्ध्या तासात, दोन लिटर डिझेलमध्ये होतं, अशी तिची नोंद आहे. जोड काढून मागचं चाक पुन्हा बसवलं की मोटारसायकल परत मोटारसायकल होते. ही सोय लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण औताचं काम वर्षातले मोजकेच दिवस असतं.

अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतले प्राध्यापक अनिल गुप्ता यांच्या ‘हनी बी नेटवर्क’नं गावोगावच्या अशा कल्पना टिपून ठेवायचं काम चालवलं होतं. त्यांच्यामुळं मनसुखभाईंचं काम बाहेर आलं. पुढं या यंत्राला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं. कारागिराचं नाव यंत्राबरोबर राहिलं, ते कुणीतरी वेळेवर लिहून ठेवलं म्हणून. आज सौराष्ट्रात ‘सनेडो’ नावाचे तीनचाकी छोटे ट्रॅक्टर गावच्या वर्कशॉपांतून बनतात, तेही याच वळणाचे.

ताकद तीच, चाल वेगळी

एका बैलजोडीची सलग ओढ साधारण एका अश्वशक्तीच्या आसपास धरतात. मोटारसायकलीचं इंजिन त्याच्या कितीतरी पट. मग साधी गाडी तशीच औताला का लावता येत नाही? कारण तिची ताकद वेगासाठी बांधलेली असते. रस्त्यावर ती ताशी चाळीस-पन्नास किलोमीटर धावते, कोळपं मात्र माणसाच्या चालीनं चालायला हवं. वेग कमी करून ओढ वाढवायची तर दातेरी चक्रांचा हिशेब बदलावा लागतो. पुढच्या चक्राला १५ दात आणि मागच्याला ४५ असतील, तर पुढचं तीन फेरे घेतं तेव्हा मागचं एक घेतं. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि ओढ जवळपास तिप्पट होते. मेकॅनिक नवीन काही शोधत नसतो, रहाटाचंच गणित चेनवर मांडत असतो.

यात तीन अडचणी येतात. पहिली उष्णतेची. जुन्या मोटारसायकलींचं इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतं. शेतात गाडी पायी चालीनं जाते, वारा लागत नाही आणि इंजिन तापतं. म्हणून मधून मधून विसावा द्या आणि ऑईल वेळेवर बदला.

दुसरी अडचण पुढचं चाक उचलण्याची. फण जमिनीत रुतला की मागून ओढ बसते आणि गाडीचं तोंड वर होऊ पाहतं. औजार जितकं उंचावर अडकवाल तितकं हे जास्त. म्हणून अडकवण्याची जागा आसाच्या खाली हवी. फण मुळीला किंवा दगडाला अडकला तर क्लच लगेच दाबता आला पाहिजे.

तिसरी अडचण वळणाची. मागची दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवली तर वळताना बाहेरचं चाक घसरतं, कारण त्याला जास्त अंतर कापायचं असतं. बांधाजवळ वळायला जागा मोकळी ठेवावी लागते.

या यंत्राकडून खोल नांगरट मागू नये. कोळपणी, डवरणी, पेरणी, वखरपाळी ही तिची कामं. काळ्या चिकण रानात वाफसा नसताना घातली तर चाकं रुततील आणि दोष यंत्राला लागेल.

सांधा पक्का तर जीव पक्का

आता वेल्डिंगवाल्या मंडळींशी दोन शब्द. मोटारसायकलीची चासी पातळ नळीची असते. ग्रील-गेटला चालतं तसं नुसतं टोकाला टोक लावून वेल्डिंग ओढलं, तर सांधा वरून चकचकीत दिसेल आणि कंपनानं महिन्याभरात तडकेल. नळीच्या आत घट्ट बसणारा दुसऱ्या नळीचा तुकडा सरकवा, बाहेरून कोपऱ्याला त्रिकोणी पट्टी द्या. आधी चारी बाजूंनी नुसते टाके मारा. मग पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंत दोरी धरून आणि ओळंबा सोडून गाडी सरळ आहे का बघा, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करा. एका बाजूनं सलग वेल्डिंग केलं की लोखंड ओढलं जातं आणि चासी वाकडी होते.

हँडलचा कॉनसेट जिथं बसतो ती चासीची मान शक्यतो कापूच नका. सिनेमातल्या चॉपरसारखा चिमटा लांबवायचा मोह पोरांना होतो. चिमटा जितका पुढं तिरपा, तितकं हँडल हळू चालीत जड होतं आणि आपसूक एका बाजूला पडू बघतं. शेतात तर सगळंच काम हळू चालीचं. मानेचा सांधा सुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी काढून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते आणि ठिणगी पडली की ती फुटते. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी वापरू नका. तिचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. चेनवर पत्र्याचं झाकण हवंच हवं. धोतराचा सोगा, उपरणं, लुगड्याचा पदर, काहीही चेनमध्ये ओढलं जाऊ शकतं. मळणी यंत्रांनी किती हात घेतले, हे आपण पाहिलेलं आहे.

कागदाचा सांधा

लोखंडाचा सांधा जमला तरी कागदाचा राहतोच, आणि बहुतेक जण अडकतात ते इथं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, उत्पादकानं दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. बदललेल्या गाडीनं रस्त्यावर अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही जोखीम दंडापेक्षा मोठी आहे.

म्हणून करायचं काय? जोड असा बनवा की चासी न कापता बसवता आणि काढता येईल. जोड लावलेली गाडी डांबरी रस्त्यावर आणू नका. शेतात जाऊन जोड लावा, किंवा यंत्र ट्रॉलीत घालून न्या. गाडी कायमची मोडून यंत्र करणार असाल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा. वाहन कायमचं निकामी झाल्यास १४ दिवसांच्या आत, किंवा शक्य तितक्या लवकर, कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची तरतूद ५५ व्या कलमात आहे. जुनी गाडी भंगारातून घेताना इंजिन आणि चासीचे नंबर कागदाशी ताडून बघा. चोरीची गाडी कापली तर कारागीरही गोत्यात येतो. पोलीस पाटलांनी गावच्या वर्कशॉपवाल्यांना एवढं एकदा समजावून सांगितलं तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

आपल्या शेजारचं उदाहरण

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून छोटी जीप बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आली. त्यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील, हेही स्पष्ट सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. गोष्ट गोड झाली खरी, पण प्रत्येक लोहाराच्या दारात बोलेरो येत नसते. कागदाची वाट त्याला आधीच दाखवायला हवी.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमानं हे काम वेगळ्या रीतीनं केलं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. गावच्या पोरांनी हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तिथं तयार झाला.

कारागिराच्या कल्पना नोंदवून घेण्यासाठी केंद्र सरकारच्या मदतीनं २००० साली ‘नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन’ उभी राहिली. तिचं कार्यालय गुजरातेत गांधीनगरजवळ आहे. ग्रामसेवक, कृषी सहायक, शाळामास्तर यांपैकी कुणीही आपल्या गावच्या कारागिराचं काम लिहून, फोटो लावून तिकडं पाठवू शकतो. त्याला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पडवीतली फटफटी विकायच्या आधी एकदा तिच्यावरचं पोतं काढून बघा. इंजिन फिरतंय का, कागद सापडतायत का, आणि गावात भरवशाचा वेल्डिंगवाला आहे का, एवढं तपासा. तिन्ही जमलं तर पुढच्या खरिपात दुसऱ्याच्या औताची वाट बघावी लागणार नाही. यातलं एक जरी नसेल, तर घाई करू नका. भंगारवाला कुठं जात नाही.