पांढऱ्या अस्वलाच्या पोटातलं शेवाळ

ध्रुवीय अस्वल शेवाळावर जगतं असं मी म्हटलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. काढा! ४००-५०० किलोचं हे धूड सील पकडतं आणि त्यातही आधी चरबीवर ताव मारतं. तरी त्याच्या अंगातला बराचसा कार्बन शेवाळातूनच आलेला असतो. आणि हे शेवाळ उगवतं कुठे, तर आर्क्टिक समुद्रातल्या बर्फाच्या खालच्या बाजूला.

समुद्र गोठतो तेव्हा पाण्याचा बर्फ होतो, पण मिठाला त्यात जागा मिळत नाही. ते अतिखारट पाण्याच्या बारीक नळ्यांमध्ये अडकून राहतं. त्या नळ्यांत आणि बर्फाच्या तळाशी डायटम नावाचं एकपेशीय शेवाळ राहतं. हिवाळ्यानंतर सूर्य परतला की बर्फातून झिरपणाऱ्या मंद उजेडावर ते असं फोफावतं, की बर्फाचा तळ चक्क तपकिरी होतो. मग पंगत बसते. कोपेपॉडसारखे कोळंबीचे चिमुकले नातेवाईक शेवाळ खातात, त्यांना ध्रुवीय कॉड मासा, माशाला सील आणि सीलला आपलं अस्वल.

पण हे सिद्ध कसं करायचं? मोकळ्या पाण्यात तरंगणारं शेवाळही असतंच की, आणि कोपेपॉडना तेही चालतं. अस्वलाच्या पोटात डोकावलं तर दिसणार फक्त शेवटचं जेवण, म्हणजे सील. त्या सीलने खाल्लेल्या माशाने काय खाल्लं होतं, हे कोण सांगणार?

एक रेणू सांगतो! त्याचं नाव आयपी-२५. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले सायमन बेल्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये तो जगापुढे आणला. २५ कार्बन अणूंची ही फांद्या फुटलेली साखळी आहे. बर्फात डायटमच्या कितीतरी जाती राहतात, पण हा रेणू बनवणाऱ्या अगदी मोजक्या. प्राण्यांना तर तो बनवताच येत नाही. त्यामुळे एखाद्या प्राण्याच्या अंगात तो सापडला, की समजायचं, याच्या जेवणाची वाट कुठेतरी बर्फातून गेली आहे. हळदीच्या हाताने ज्याला शिवाल त्याच्यावर पिवळा ठसा उमटतो ना? तसा हा ठसा शेवाळाकडून कोपेपॉडकडे, तिथून माशाकडे, असा पुढे पुढे जातो.

मोकळ्या पाण्यातल्या काही डायटमचाही असाच एक वेगळा रेणू आहे. दोन्ही ठशांचं प्रमाण ताडून पाहिलं, की कुठलं शेवाळ किती, याचा अंदाज येतो. कॅनडाच्या उत्तरेकडच्या अस्वलांची यकृतं अशी तपासली, तेव्हा २०१८ मध्ये आकडा आला सरासरी ८६ टक्के. एवढा कार्बन बर्फाच्या शेवाळाचा! मला तर हा आकडा अस्वलाच्या पंजापेक्षा जबर वाटतो, कारण आर्क्टिकचा बर्फ कमी होत चालला आहे.

२०२३ मध्ये तर आणखी गंमत झाली. आर्क्टिकमधल्या १५५ जातींचे २,३०० हून अधिक नमुने तपासले, तर ९६ टक्के प्राण्यांत बर्फाच्या शेवाळाच्या खुणा सापडल्या. त्याही वर्षभर! हिवाळ्यात तिथे सूर्यच उगवत नाही, मग शेवाळ येतं कुठून?

उत्तर खाली आहे, चिखलात. बर्फ वितळला की न खाल्लेलं शेवाळ समुद्राच्या तळाशी जाऊन बसतं. तिथल्या थंडीत ते बराच काळ टिकतं. किडे आणि शिंपले ते सावकाश खात राहतात, आणि शिंपल्यांना वॉलरस फस्त करतो. २०१२ मध्ये पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरच्या शास्त्रज्ञांनी मध्य आर्क्टिकमध्ये सुमारे ४,००० मीटर खोल कॅमेरा सोडला, तर तळावर बर्फाच्या शेवाळाचे गोळेच्या गोळे पडलेले, आणि त्यांच्यावर समुद्रकाकडी नावाचे प्राणी तुटून पडलेले.